वर्गणी द्यावी, पण पारखून



रानडुकरांनी ऊस मोडला, रोह्यांनी हरभरा चरला, की "बंदोबस्त करतो, वर्गणी काढा" म्हणणारे हजर होतात. पाठोपाठ वन्यप्राणी वाचविणारेही पावतीपुस्तक घेऊन येतात. ऊसबिलाचा पैसा घामाचा आहे, द्यायचा कोणाला?

१९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आज हौसेची शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर किंवा रोही मारायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. म्हणून विनापरवाना बंदूकवाल्यांना एक पैसाही देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उद्या खटला झाला तर शेतमालकही गोत्यात येतो.

पण शिकारी तेवढा वन्यप्राण्यांचा वैरी, असेही समजू नये. १८८३ साली निघालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सुरुवातीचे कितीतरी सभासद शिकारीच होते. आपल्या अकोला-वाशीम भागात 'संवेदना' संस्थेने फासेपारधी बांधवांना बरोबर घेऊन गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचे काम केले. फासे लावणाऱ्याला पाखराचे ठिकाण ठाऊक. राखणही तोच नीट करणार!

तेव्हा वर्गणी मागणाऱ्यांस तीन गोष्टी विचारा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय? वर्षाचा हिशेब दाखवते काय? पीक बुडाले, तर पंचनाम्याला आणि भरपाईच्या अर्जाला आपल्या बांधावर येते काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तरच खिशात हात घाला. नुसत्या वाघाच्या चित्राला भुलू नका.