गुंतलो की अडकलो?

गेल्या महिन्यात धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. भाची आठवीत आहे, उर्दू माध्यमाच्या शाळेत. मराठीचा गृहपाठ करत बसली होती. ‘गुंतणे’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. वहीत तीन वाक्यं होती :

पतंगाचा मांजा तारेत गुंतला.
अब्बांच्या मागावर धागा गुंतला.
शेजारचे चाचा केसमध्ये गुंतले.

“मामू, सही है ना?” तिने विचारलं.

व्याकरणाने तिन्ही वाक्यं बरोबर. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला सुताचा गुंता कुणी शिकवावा लागत नाही. तिसऱ्या वाक्यापाशी मात्र मी थांबलो, कारण त्या चाचांची हकीकत मला ठाऊक होती.

काही वर्षांपूर्वी एका रात्री रस्त्यावर गोंधळ झाला. चाचा मुलाला शोधायला बाहेर पडले, गर्दीत सापडले आणि यादीत त्यांचंही नाव आलं. पुढे त्यांनी आपली बाजू मांडणारा अर्ज एकाकडून लिहून घेतला. चाचांनी उर्दूत सांगितलं, “मैं भीड में उलझ गया था.” लिहिणाऱ्याने मराठी केलं, “मी जमावात गुंतलो होतो.” चाचांनी खाली सही केली. मराठी त्यांना बोलता येतं, वाचता येत नाही. वकिलाने कागद पाहिला तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, “चाचा, हे तुम्ही काय कबूल केलंत?” अर्ज नव्याने लिहावा लागला.

लिहिणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. शब्दकोश उघडला तर ‘उलझना’समोर ‘गुंतणे’ सापडेलच. धाग्यापुरते हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत. माणसाकडे आले की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. उर्दूत ‘मुझसे मत उलझना’ म्हणजे माझ्याशी भांडण उकरून काढू नकोस. मराठीतलं ‘गुंतणे’ असं भांडखोर नाही. बाई स्वयंपाकात गुंतलेली असते, शेतकऱ्याचे हात कापूस वेचण्यात गुंतलेले असतात, लेकरात आईचा जीव गुंततो. गुंतलेल्या माणसाचं मन त्या कामात असतं. म्हणून ‘जमावात गुंतलो होतो’ याचा अर्थ कुणी ‘जमावात सामील होतो’ असाही लावू शकतो. चाचांना म्हणायचं होतं, ‘गर्दीत अडकलो होतो.’ अडकलेला माणूस सुटायला धडपडत असतो.

आणखी एक अक्षर आहे, ‘व’. गुंतला आणि गुंतवला. पहिल्यात माणूस आपणहून गेला, दुसऱ्यात त्याला कुणीतरी नेलं. धुळ्याशेजारच्या मालेगावात २००६ साली स्फोट झाले. त्या खटल्यात आरोपी केलेल्या मुस्लिमांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केलं. ‘गुंतले’पासून ‘गुंतवले गेले’पर्यंत पोहोचायला जवळपास दहा वर्षं लागली. आमचे चाचा दोषी की निर्दोष, ते कोर्ट ठरवेल. पण ते जे बोलले तेच कागदावर यायला हवं, एवढा त्यांचा हक्क आहे.

१९६४ च्या राजभाषा कायद्याने राज्याचा कारभार मराठीत आणला, आणि ते योग्यच झालं. तलाठ्याचा उतारा, पोलिसांचा पंचनामा, पालिकेची नोटीस सगळं मराठीत येतं. जळगाव-धुळ्यातला मुसलमान बाजारात, एसटीत, केळीच्या गाडीवर झकास मराठी-अहिराणी बोलतो. रावेर-यावलकडच्या तडवी बांधवांचं तर घरातलं बोलणंही उर्दूहून वेगळं. बोलण्यात आपण कमी नाही. कागद हातात आला की मात्र आपण म्हणतो, “कुणाकडून तरी वाचून घे.” घरची मुलं मराठी ‘सुलभभारती’ शिकत असतात, पण ते पुस्तक आपल्यासाठी मार्कांपुरतं.

काही वडीलधारे म्हणतात, मराठीवर एवढा जोर दिला तर उर्दू जाईल. मला हे पटत नाही. ‘उलझना’ नीट माहीत असलेल्या मुलीलाच ‘गुंतणे’ कुठे वेगळं आहे ते कळतं. दोन्ही भाषा पक्क्या असणाराच चाचांचा अर्ज नीट लिहू शकला असता. मराठी शिकवणाऱ्या सर-मॅडमनाही विनंती आहे. ‘वाक्यात उपयोग करा’ एवढ्यावर थांबू नका. तोच शब्द अर्जात, तक्रारीत, बातमीत काय करतो तेही मुलांना दाखवा.

माझे आजोबा जळगाव जिल्ह्यात गावोगाव फिरून गाद्या भरायचे, जातीने पिंजारी. दबलेला, गुंतलेला कापूस ते तातीवर मोकळा करायचे. ‘पिंजून काढणे’ हा वाक्प्रचार मराठीला त्याच धंद्याने दिला. आज पोलीस परिसर पिंजून काढतात, वकील कागद पिंजून काढतात. ज्यांच्या कामातून हा शब्द आला, त्यांच्या नातवंडांनी कागद न वाचता सही करावी, याचं वाईट वाटतं.

भाचीने तिसरं वाक्य खोडलं आणि लिहिलं, “शेजारचे चाचा गर्दीत अडकले होते.” मग विचारलं, “मामू, इस में तो गुंतणे आया ही नहीं. मार्क कटेंगे?”

म्हटलं, कटू देत. आणि घरात पडलेली पालिकेची नोटीस आणायला सांगितली. आम्ही दोघांनी ती पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचली. बहीण कांडी भरता भरता ऐकत होती.