नुसते ‘पॉझिटिव्ह’ पुरेसे नाही

आरएच निगेटिव्ह गर्भवतीच्या रक्तात बाळाच्या लाल पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडे आहेत का, हे कूम्ब्स चाचणी सांगते. पण अहवालात अनेकदा फक्त ‘पॉझिटिव्ह’ असते. प्रतिपिंडे किती, हे कळत नाही. त्यासाठी टायटर हवे. सीरम दर टप्प्याला दुप्पट पातळ करत जातात. १६ पटींपर्यंतच प्रतिपिंडे दिसली, तर टायटर १६. ते १६ ते ३२ वर गेले, की बाळाला रक्तक्षय आहे का, हे डॉप्लर सोनोग्राफीने पाहावे लागते. जेल पद्धतीत हाच आकडा परीक्षानळीपेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून पुन्हा तपासणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने करावी. अहवालावर आकडा आणि पद्धत दोन्ही छापणे बंधनकारक व्हावे. शरीराने प्रतिपिंडे बनवल्यावर अँटी-डी इंजेक्शन निरुपयोगी ठरते. पुढचे उपचार या आकड्यापासूनच सुरू होतात.