उत्तर कोणी द्यायचे?

किशोरांना इंटरनेटवरून लैंगिक शिक्षण दिले तर ते वेळेआधी बिघडतील, हा आक्षेप जुनाच आहे. 2007 साली महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला विरोध झाला, तेव्हाही हाच होता. तो पुराव्यावर टिकत नाही. युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासले. अशा शिक्षणामुळे मुले शरीरसंबंधांकडे लवकर वळतात असे त्यांत आढळले नाही.

‘हे घरातच सांगावे’ असेही म्हणतात. जरूर सांगावे! पण झोपेत वीर्यपतन झाले म्हणून धास्तावलेला चौदा वर्षांचा मुलगा बाबांना विचारत नाही, मोबाइलला विचारतो. तिथे त्याच्या भीतीवर पोट भरणारे ‘शक्तिवर्धक’ औषधांचे विक्रेते टपून बसलेले असतात. हा आजार नाही, वयात येताना असे होतेच, एवढे एक वाक्य त्याला कोणी सांगत नाही. सतरा वर्षांच्या मुलीची निकड तर तासांत मोजायची असते. तातडीची गर्भनिरोधक गोळी शरीरसंबंधानंतर साधारणपणे 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यायची असते आणि ती गर्भपाताची गोळी नव्हे, हे तिला आठवड्याने कळून काय उपयोग?

आणि हे आपल्या संस्कृतीत बसत नाही असे कोणी म्हणू नये. र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या अशाच खाजगी प्रश्नांना उत्तरे देत होते. त्या उत्तरांवर 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. खटला हरूनही कर्व्यांनी 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक थांबवले नाही.

मोबाइलचा पडदा मुलांना तपासू शकत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. डॉक्टरकडे जावेच लागते, आणि तिथे बाल लैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायद्याची भीती आडवी येते: अठराखालच्या मुलीच्या शरीरसंबंधाची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणे बंधनकारक. गर्भपाताच्या प्रकरणात मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने तिची ओळख पोलिसांना सांगण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. किती मुलींपर्यंत हे पोहोचले असेल? म्हणूनच डॉक्टरांनी तपासलेली, साध्या मराठीतली, नाव न विचारणारी माहिती आरोग्य खात्याने स्वतः इंटरनेटवर द्यावी. तिच्यात हा निकाल असावा, जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या, किशोरांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकची वेळ असावी, आणि अत्याचार होत असेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पहिल्याच ओळीत असावा.