घर आणि ग्रंथ : स्वमग्न मुलाच्या घरातील पुस्तके

चार वर्षांचा मुलगा णमोकार मंत्र आरंभापासून शेवटपर्यंत बिनचूक म्हणतो. मात्र तहान लागली असता पाणी मागत नाही. आईचे मनगट धरून तिला माठापाशी नेतो, एवढेच. हाक मारली तर वळून पाहत नाही. आजी म्हणतात, याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते. आजोबा म्हणतात, ज्याला एवढे पाठ आहे त्याला काय झाले असणार? चाटी गल्लीतील दुकान सकाळी उघडते, रात्री बंद होते. आणि तोवर घरात आई एकटीच त्या प्रश्नाशी झुंजत असते. अशी घरे समाजात आहेत. ती दिसत नाहीत, कारण थोरल्या मुलीच्या सोयरिकीच्या काळजीने ती गप्प राहतात.

या अवस्थेस स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. मेंदूच्या जडणघडणीतील हे वेगळेपण लहानपणापासून असते. ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे आणि स्वतःची गरज शब्दांत सांगणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत. म्हणून मंत्र पाठ आहे, हे बालविकासतज्ज्ञाकडे जाणे लांबणीवर टाकण्याचे कारण होऊ शकत नाही.

अशा घरात पहिले पुस्तक कोणते यावे? या विषयावरील पुस्तकांनीच एके काळी आयांना फार छळले आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम यांचे ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ प्रसिद्ध झाले. मातेच्या मायेच्या अभावी मूल स्वतःत मिटून जाते, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी क्लारा क्लेबॉर्न पार्क या आईने आपल्या मुलीच्या संगोपनाची कथा ‘द सीज’ या पुस्तकात लिहिली. एका स्वमग्न मुलाचे वडील व मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी तर १९६४ मध्येच हा दोषारोप पुराव्यानिशी खोडून काढला होता. शास्त्राने कौल दिला तो या पालकांच्या बाजूने. आईला दोष देणारे पुस्तक, मग ते कितीही नामांकित असो, घरात ठेवण्याच्या योग्यतेचे नाही.

मुलाच्या आतले जग समजून घ्यायचे असेल, तर टेंपल ग्रँडिन यांचे १९९५ मधील ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ वाचावे. त्या स्वतः स्वमग्न असून विद्यापीठात प्राध्यापिका झाल्या. आपले विचार शब्दांत नव्हे, चित्रांत चालतात, असे त्या सांगतात. प्रत्येक स्वमग्न मूल तसेच असते असे नाही. परंतु ‘हा ऐकत का नाही’ याऐवजी ‘याला कसे दाखवावे’ असा प्रश्न घरात विचारला जाऊ लागतो, आणि हा बदल लहान नव्हे.

मात्र सर्वांत उपयोगी पुस्तक बाजारात मिळत नाही; ते घरीच तयार करावे लागते. साध्या अल्बममध्ये दिवसाच्या क्रमाने छायाचित्रे लावावीत : दात घासणे, आंघोळ, नाश्ता, शाळा, दुकान, झोप. पुढे काय घडणार हे डोळ्यांना दिसले की मुलाची अस्वस्थता कमी होण्यास मदत होते. कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९०च्या सुमारास छोट्या सामाजिक गोष्टींची रीत मांडली. तिच्या धर्तीवर पर्युषणापूर्वी चार पाने लिहिता येतील : ‘मंदिरात घंटा वाजते. आवाज मोठा असतो. मी कानांवर हात ठेवू शकतो. आजोबांचा हात धरून बाहेर येऊ शकतो.’ ही पाने आजोबांनीच रोज वाचून दाखवली, तर मुलाइतकेच आजोबाही शिकतील.

जे मूल बोलत नाही, त्याच्यासाठी मुंबई आयआयटीत घडलेले ‘जेलो’ हे मोफत ॲप आहे. चित्रावर बोट ठेवले की ते मराठीतही बोलते. चित्रांच्या सवयीने बोलणे खुंटते, ही भीती निराधार आहे. घरात गुजराती वा मारवाडी आणि बाहेर मराठी, असे असल्यास घरची भाषा बंद करण्याचेही कारण नाही. दोन भाषांमुळे या मुलांची हानी होते, असे संशोधनात आढळलेले नाही.

व्यापारी घराने आणखी एक कागद वाचावा, तो कायद्याचा. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याखालील ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर गरज असल्यास जिल्हास्तरीय समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न आईबापांना रात्री जागवतो. त्याचे उत्तर केवळ भावंडांच्या भरवशावर सोडू नये; मृत्युपत्र आणि पालकत्व यांची तजवीज वेळीच करावी. दुकानाचा हिशेब वेळच्या वेळी लिहिणाऱ्या घरास हे कठीण नाही.

पुस्तक असो वा उपचार, ‘खात्रीने बरा करतो’ असे जो म्हणेल, त्याला दारातूनच नमस्कार करावा. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. शिकवण आहे, सराव आहे, धीर आहे.

डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे निरीक्षण नोंदवून ही अवस्था जगापुढे मांडली ती १९४३ मध्ये. त्याच वर्षी सोलापुरातून जीवराज जैन ग्रंथमालेने ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग प्रकाशित केला. ज्या गावाच्या दानशूरांनी प्राकृत ग्रंथांना घर दिले, त्या गावाच्या वाचनालयांत या मुलांच्या आईबापांसाठी एक कपाट भरणे अवघड नसावे. आणि त्या कपाटाशी उभ्या असलेल्या आईकडे कोणी वळून कुजबुजणार नाही, एवढे तर आजपासूनच जमेल.