शेअर-बाजारावरील पुस्तकें कशीं पारखावीं

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत महामार्गाच्या रुंदीकरणांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरीं मोबदल्याची रक्कम आली. ती बँकेंत पडून राहण्यापेक्षां शेअर-बाजारांत कां घालूं नये, असें घरांतील तरुण मंडळी आतां उघडपणें विचारूं लागली आहे. प्रश्न गैर नाहीं. महाडजवळच्या नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळवून गेले आणि पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. शेअर-बाजारांना नियमांत बांधणाऱ्या १९५६ च्या कायद्याचा मसुदा त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळांत संसदेपुढें आला. सरस्वतीच्या घरीं लक्ष्मीचें नांव काढूं नये म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

तेव्हां मुलानें पुस्तकें मागितलीं तर तीं जरूर आणून द्यावीं. कोणतीं, एवढाच प्रश्न. महिनाभरांत लखपति करणारीं पुस्तकें वेष्टनावरूनच ओळखूं येतात.

आलेखांवरून भाव ताडण्याच्या विद्येस 'टेक्निकल अ‍ॅनालिसिस' म्हणतात. एडवर्ड्स व मगी यांचा १९४८ चा ग्रंथ हा तिचा आधारग्रंथ. नवशिक्यास जॉन मर्फी यांचा १९९९ चा ग्रंथ अधिक सुबोध वाटेल. मर्फी आरंभींच तीन गृहीतें मांडतात: जें कांहीं परिणाम करण्यासारखें आहे तें भावांत उतरलेलें असतें, भाव एका दिशेनें कांहीं काळ चालत राहतो, आणि इतिहासाची पुनरावृत्ति होते. तर्कसंग्रह वाचलेला मनुष्य येथें थबकेल. धूर तेथें अग्नि ही व्याप्ति सिद्ध आहे. परंतु दोन खांदे व मध्यें मस्तक अशी तीन शिखरांची आकृति आलेखावर दिसली कीं भाव उतरलाच पाहिजे, ही व्याप्ति सिद्ध नाहीं. हेतु आहे पण साध्य नाहीं, अशा प्रकारास नैयायिक व्यभिचार म्हणतात. बाजारांत असे व्यभिचार पुष्कळ. म्हणून पुस्तक हातीं येतांच त्यांत फसलेल्या आकृतींचे आलेख आहेत कीं नाहींत, हें प्रथम पहावें. ज्यांत प्रत्येक आकृति फळास आलेली आहे, तें घटना घडून गेल्यावर वर्तविलेलें भविष्य होय. अंदाज चुकल्यास तोटा कोठें थांबवावा, याचें प्रकरण नसेल तरीहि पुस्तक परत करावें.

आलेखांच्या आधीं कंपनीचा ताळेबंद वाचतां यावा, हें माझें मत. त्यासाठीं बेंजामिन ग्रॅहम यांचा 'दि इंटेलिजंट इन्व्हेस्टर' (१९४९) अद्याप मागें पडलेला नाहीं. सगळा झेपत नसेल तर भावांच्या चढउतारांवरील आठवें आणि सुरक्षिततेच्या अंतरावरील विसावें, हीं दोन प्रकरणें तरी वाचावीं. लफेव्हर यांचें १९२३ चें 'रेमिनिसन्सेस ऑफ ए स्टॉक ऑपरेटर' मुलें कादंबरीसारखें वाचतात. तें देतांना, ज्याच्यावरून नायक बेतला त्या लिव्हरमोरचें १९३४ चें दिवाळें आणि १९४० चा आत्मघात, हेंहि सांगून ठेवावें. बाजाराची नियामक संस्था 'सेबी' हिनें स्थापलेली प्रशिक्षणसंस्था तर आपल्याच रायगड जिल्ह्यांत, पाताळगंगेस आहे. तिच्या परीक्षांचीं अभ्यासपुस्तकें रूक्ष खरीं, पण तीं कोणाला कांहीं विकावयास लिहिलेलीं नाहींत.

याच 'सेबी'नें सप्टेंबर २०२४ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं सुमारें ९३ टक्क्यांना तोटा झाला. खर्च धरून माणशीं सरासरी सुमारें दोन लाख रुपये. त्यांतील अनेकांच्या कपाटांत पुस्तकें असतीलच.

म्हणून पुस्तकांबरोबर एक कोरी वही द्यावी. मुलानें वर्षभर सौदे कागदावरच करावे. तारीख, भाव, घेण्याचें कारण आणि तोटा थांबविण्याची मर्यादा आधीं लिहावी, निकाल मागाहून. दिवाळींत ती वही घरचा जमाखर्च पाहणाऱ्यापुढें ठेवावी आणि मोबदल्यांतील किती रक्कम मोकळी करावयाची, हें तेव्हां ठरवावें.