डॉक्टरकीला बायोलॉजी मेजरची सक्ती नाही

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून मुलं कॉलेजला रवाना होतात. ज्यांना पुढे डॉक्टर किंवा डेंटिस्ट व्हायचं आहे, त्यांच्यापैकी अनेकांचं मेजर घरातच ठरलेलं असतं: बायोलॉजी. मुलगी चाचरत म्हणते, "आई, मला हिस्टरी घ्यायचीय." आई काळजीने विचारते, "अगं, मग मेडिकलचं काय?" या प्रश्नाचं उत्तर पालकांना नीट माहीत असायला हवं. मेडिकलचं त्याने काहीही अडत नाही.

ही धास्ती आपण भारतातून सोबत आणली आहे. तिकडे बारावीनंतर थेट एमबीबीएस किंवा बीडीएस. अकरावीला जीवशास्त्र सोडलं की ती वाट बंद, हेच ऐकत आपण मोठे झालो. अमेरिकेत आधी साधारण चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं मेडिकल किंवा डेंटल स्कूल. बहुतेक विद्यापीठांत 'प्री-मेड' नावाचं मेजरच नसतं; ती करायच्या विषयांची यादी असते. जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि भौतिकशास्त्र सहसा वर्षभर, प्रयोगशाळेसह. शिवाय बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री, थोडं गणित किंवा संख्याशास्त्र आणि इंग्रजी. नेमकी यादी शाळेगणिक बदलते, म्हणून ती आधीच तपासावी. हे विषय इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही करावेच लागतात, आणि उत्तम करावे लागतात. एमडीच्या अर्जात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित या विषयांचा जीपीए वेगळा काढतात, मग मेजर कोणतंही असो. खरी कसोटी तिथे आहे.

बायोलॉजी मेजरची सक्ती नाही, हे प्रवेशपरीक्षांतूनही दिसतं. मेडिकलच्या एमकॅटच्या चार भागांपैकी एक भाग निव्वळ वाचनाचा आहे. तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्र अशा विषयांवरचे उतारे समोर येतात आणि लेखकाचा युक्तिवाद उलगडून दाखवायचा असतो. तिथे पाठांतर कामी येत नाही. २०१५पासून आणखी एक भाग मानसशास्त्र आणि समाजशास्त्राला दिला आहे. डेंटलच्या डॅटमध्ये आकारांची जाण तपासतात. दुमडून भोक पाडलेल्या कागदाचं चित्र दाखवतात आणि कागद उलगडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील ते विचारतात. चित्रकला किंवा शिल्पकला शिकलेल्या मुलाची नजर अशा प्रश्नांना सरावलेली असते आणि पुढे दातांवर काम करताना त्याचा हातही. त्या विषयांना 'वेळेचा अपव्यय' म्हणणं चूक आहे.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७मध्ये साहित्य-इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी खास प्रवेश सुरू केला, तोही एमकॅटशिवाय. १९८९चं नोबेल मिळवणारे कर्करोग-संशोधक हॅरल्ड व्हार्मस वैद्यकाकडे वळले ते इंग्रजी साहित्यात एम.ए. करून. एमडीसाठी अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण जीवशास्त्राचे असतात, पण मानव्यविद्या घेतलेल्यांचं प्रवेशाचं प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी नसतं. अनेक वर्षी ते थोडं जास्तच दिसतं. मात्र यावरून कुणी प्रवेशाची क्लृप्ती म्हणून इतिहास घेऊ नये. मानव्यविद्या घेतलेली मुलं संख्येने थोडी असतात आणि विषयाच्या ओढीने तिकडे गेलेली असतात. त्यांचे गुण त्या ओढीतून येतात.

जिला पेशी आणि जनुकांत रात्रंदिवस रमायला आवडतं, तिने बायोलॉजी जरूर घ्यावं. रसायनाची गोडी असेल तर बायोकेमिस्ट्री घ्यावी. बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेण्याआधी मात्र पूर्ण अभ्यासक्रम पाहावा. त्या भारात जीपीए सांभाळून रुग्णालयातल्या सेवेला आणि डॉक्टरांसोबतच्या शॅडोइंगला वेळ काढणं अवघड जातं.

पालकांनी सर्वांत गंभीरपणे पाहावी अशी गोष्ट निराळीच आहे. २०२३मध्ये अमेरिकेतल्या एमडीच्या शाळांकडे ५२ हजारांहून अधिक जणांनी अर्ज केले. प्रवेश मिळाला तो सुमारे २३ हजारांना. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना त्या वर्षी नकार आला. यांतली काही पुन्हा अर्ज करतील, काही डीओकडे (ऑस्टिओपॅथिक वैद्यकाच्या पदवीकडे) किंवा दुसऱ्या पेशाकडे वळतील. नकाराच्या त्या दिवशी मुलाच्या हाती उरते ती चार वर्षांची पदवी. ती केवळ आईवडिलांच्या आग्रहाखातर, मन मारून घेतलेली असेल, तर बाविसाव्या वर्षी त्याच्यापाशी ना प्रवेश, ना आवडीचं काम. संख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, अर्थशास्त्र, साहित्य यांपैकी जे मनापासून शिकलं असेल, त्याच्या बळावर त्याला उभं राहता येतं. म्हणून मेजर निवडताना विचारायचा प्रश्न एकच: डॉक्टर झालो नाही, तरी हे शिकल्याचा आनंद राहील का?

बहुतेक कॉलेजांत मेजर जाहीर करायला दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत असते. पालकांनी ती मुदत मुलांना निर्धास्तपणे वापरू द्यावी. रसायन आणि भौतिकशास्त्रात कसून मेहनत करण्याचा आग्रह जरूर धरावा; मेजर मात्र ज्याला चार वर्षं शिकायचं आहे, त्यालाच निवडू द्यावं.