मागच्या सीटवरून पाहिलेली गाडी

आमच्या जिल्ह्यात नवी गाडी घेतली की तिची पहिली फेरी ठरलेली असते. गाडी सोलापूरहून आणा, लातूरहून आणा, नाहीतर धाराशिवातच घ्या, ती आधी तुळजापूरला जाते. बॉनेटवर हार, चाकांखाली लिंबे, सीटवरचे प्लॅस्टिक तसेच आणि आत घरातली झाडून सगळी माणसे. सोलापूरकडून येताना तुळजापूरच्या अलीकडे घाट लागतो. तिथे एसी चालू ठेवून भरलेली गाडी वर चढू लागली की पहिल्यांदा तिचा खरा आवाज ऐकू येतो आणि मागून आई विचारते, ‘‘आरं, एवढं हादरतंय कशानं?’’ गाडीची खरी टेस्ट ड्राइव्ह हीच. फक्त ती सगळे पैसे भरून झाल्यावर होते!

आमची जुनी गाडी आता चौदा वर्षांची झाली, म्हणून गेल्या दोन महिन्यांत मी चार गाड्या चालवून पाहिल्या. वडिलांच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. अॅम्बॅसडर नाहीतर फियाट. नंबर लावायचा, वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळेल तो रंग गोड मानून घ्यायचा. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तीही लोकांनी चालवून पाहून नव्हे, नाव नोंदवून घेतली. १९९१नंतर दारे उघडली, १९९४ साली सुमो आली, १९९८ साली इंडिका आली, आणि हळूहळू विकणाराच गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली ठेवून ‘चालवून बघा’ म्हणू लागला. गिऱ्हाइकाला हा मान मिळाला याचा आनंद आहेच. पण त्या मानाचे आपण काय करतो?

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमच्या फाटकातून बाहेर, चौपदरी रस्त्याला लागायचे आणि पुढच्या वळणावरून परत. पाच-सहा किलोमीटर. गाडीत मी आणि विक्रीचा मुलगा. तो सांगणार, ‘‘सर, पिकअप बघा,’’ आणि मी बघणार. असल्या गुळगुळीत रस्त्यावर दोन माणसांना घेऊन कुठलीही नवी गाडी राजहंसासारखीच चालते. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी हट्ट धरला, की घरची माणसे बसवून, घाटातून आणि एखाद्या खेड्याच्या रस्त्यावरून गाडी नेणार. दोघांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही कुणीच म्हटले नाही. मागितले तर मिळते. आपणच भिडेपोटी मागत नाही.

पहिली छोटी हॅचबॅक. क्लच लोण्यासारखा, गावातल्या बोळांत वळवायला हिच्यासारखी दुसरी नाही. पण पाच माणसांनिशी घाटात दुसऱ्या गिअरवर यावे लागले आणि मागे ऊस भरलेला ट्रक असताना ती वेळ काही सुखाची नव्हती. दुसरी उंच, रुबाबदार, छताला काच असलेली. मुलगा त्या काचेवरच भाळला. मला मात्र एसी कमी करायला पडद्यावर तीनदा बोट लावावे लागले आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावर नव्हती. जुने फिरवायचे बटण काय वाईट होते? (त्या उघड्या छतातून पोरांना उभे करून गाडी हाकणारे आईबाप पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो, पण तो वेगळा विषय.) तिसरी सात माणसांची. ब्रेक चौघींत उत्तम. चौथी विजेवरची. भरल्या गाडीने घाट असा चढली की आईने विचारले, ‘‘चालू हाय का बंद?’’ चालवणारा म्हणून मला हीच सर्वांत आवडली. चार्जिंगची सोय वाटेत कुठे कुठे आहे, याचा हिशेब मात्र ज्याचा त्याने मांडावा.

हे झाले स्टिअरिंगवरचे. तिसऱ्या गाडीत मी मुलाला चालवायला दिले आणि स्वतः मागे जाऊन बसलो. तिथून गाडी निराळीच दिसते. शेवटच्या ओळीत गुडघे हनुवटीला लागतात आणि डोक्यामागे वीतभर अंतरावर काच. दुसऱ्या गाडीची मागची खिडकी एवढी अरुंद, की सौ.ला अर्ध्या तासात मळमळू लागले. विजेवरच्या गाडीत बॅटरीमुळे मागची जमीन उंच, म्हणून मांड्या अधांतरी. आणि बेल्ट? एका गाडीत मागच्या बेल्टचे बकल सीटच्या फटीतून दोन बोटे घालून ओढून काढावे लागले. विक्रीचा मुलगा अगदी प्रेमाने म्हणाला, ‘‘काका, मागं कुणी लावत नाही.’’

तो खोटे बोलत नव्हता. मागच्या सीटवर बेल्ट लावणे कायद्याने सक्तीचे आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे, तरी आपण लावत नाही. शेजारच्या बीडचे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गेले. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले. त्या गाडीतले पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. आणि आपल्या घरात मागे बसतो कोण? आई, बायको, पोरे. पुढची सीट पुरुषांची आणि टेस्ट ड्राइव्हही पुरुषांचीच.

२०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळून पाहिल्या, त्यांच्या एअरबॅग नसलेल्या प्रकारांना शून्य तारे मिळाले. २०१८ साली नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि १ ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली. मायलेजबरोबर लोक आता ताऱ्यांचीही चौकशी करतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे तारे मिळवून देणारे पुतळे बेल्ट लावून बसलेले असतात, हे कुणी सांगत नाही.

आणखी एक, दिव्यांचे. टेस्ट ड्राइव्ह सगळी दिवसाढवळ्या. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. आश्विनात तर सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी रात्रभर भरलेला असतो. गाडीचा उजेड किती दूर आणि किती कडेपर्यंत पडतो, हे दुपारी बाराला कसे कळणार? चौघांपैकी एकानेच संध्याकाळी सातनंतर गाडी दिली.

गाडी त्याच्याकडेच ठरली. कोणती, ते लिहीत नाही. फुकटची जाहिरात नको. सीटकव्हरवाल्याला आधीच बजावले आहे, की मागची तिन्ही बकले वर दिसली नाहीत तर पैसे मिळणार नाहीत. जुन्या गाडीत ती कव्हराखाली गेली ती कायमचीच. आईची एकच शंका होती. घाट चढून तुळजापूर दिसले की बेल्टात अडकून हात कसे जोडायचे? तिला शोरूममध्येच मागे बसवून बेल्ट लावला आणि हात जोडून बघायला सांगितले. जोडता येतात.